मुंबई, फिलाडेल्फिया आणि केडगाव

गेल्या वर्षी भूगोलाच्या एका तासास आम्ही पृथ्वीचा गोल आणि शिवणाच्या दोऱ्याचे एक रीळ घेऊन वर्गात गेलो होतो, हे तुमच्यापैकी काहींस स्मरत असेल. दोऱ्याचे एक टोक मुंबईवर धरावयाचे, दुसरे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळील फिलाडेल्फिया नगरावर, आणि दोरा ताणून या दोन शहरांमधील अंतर काढावयाचे, एवढेच काम होते. भिंतीवरील सपाट नकाशा पाहून बहुतेक मुलांनी असे अनुमान बांधले होते की, ही वाट अरबस्तान, भूमध्यसमुद्र व अटलांटिक महासागर ओलांडून जवळजवळ सरळ पश्चिमेस जाईल. परंतु दोरा ताणताच तो आपण होऊन उत्तरेकडे सरकला! अफगाणिस्तान, मॉस्को, फिनलंड, ग्रीनलंडचे दक्षिण टोक, अशी ठिकाणे चाटून तो अमेरिकेत उतरला. गोलावरील सर्वांत जवळची वाट सपाट कागदावर वाकडी दिसते, हे पुस्तकातील वाक्य त्या दिवशी मुलांस दोऱ्याने शिकविले, आम्ही नव्हे. दोरा मोजून प्रमाणाने गुणिला तेव्हा अंतर साडेबारा हजार किलोमीटरांहून थोडे अधिक भरले. ताशी नऊशे किलोमीटर जाणाऱ्या विमानास हे चौदा तासांचे काम. परंतु उत्तरेकडील आकाशात वारे बहुधा पश्चिमेकडून वाहत असल्यामुळे तिकडे जाताना पंधरा-सोळा तास धरावेत आणि येताना थोडे कमी, असे आम्ही सांगितले.

तास संपता संपता मागील बाकावरील एका मुलाने विचारिले की, विमाने नव्हती तेव्हा आपल्याकडील कोणी तेथवर गेले होते काय? घंटा झाल्यामुळे त्या दिवशी त्यास आम्ही एवढेच उत्तर दिले की, गेले होते, आणि तेथून पुढे पृथ्वीस पुरता वळसा घालून आपल्या शेजारच्या दौंड तालुक्यात येऊन राहिले होते. आज त्या अर्ध्या उत्तराचा उरलेला भाग येथे लिहीत आहोत. ज्यांच्याविषयी लिहावयाचे त्या पंडिता रमाबाई होत.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीच्या दक्षिण भागातील गंगामूळ नावाच्या अरण्यात झाला. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्याहून पूर्वेकडे जाणारा लोहमार्ग केडगाव व दौंड यांवरून डिकसळपर्यंत सुरू झाला. हा केवळ योगायोग आहे. परंतु पुढे या मुलीचे आणि त्या रुळांचे जे नाते जडले ते पाहता तो आम्हांस सांगितल्यावाचून राहवत नाही. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. आपल्या पत्नीस संस्कृत शिकविण्याचा त्यांनी आग्रह धरिला आणि त्यापायी लोकांचा रोष पत्करून ते अरण्यात आश्रम बांधून राहिले. पुढे चरितार्थाचे साधन आटले. तेव्हा मुलगी सहा महिन्यांची असताना कुटुंब तीर्थयात्रेस निघाले ते निघालेच. तान्ही रमा वेताच्या पेटाऱ्यात घालून नेली जात असे. एका क्षेत्रातून दुसऱ्या क्षेत्रात जावे, देवळात पुराण वाचावे, मिळेल त्यावर राहावे आणि पुन्हा चालू लागावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला. रमेची शाळा हीच. आई लक्ष्मीबाई पहाटे उठवून तिला श्लोक पाठ देत. भागवताचे अठरा हजार श्लोक अशा रीतीने वाटेवरच तिच्या मुखी बसले. एका जागी बसून, डोक्यावर पंखा फिरत असताना ज्यांस दहा ओळी पाठ होत नाहीत, त्यांनी या ठिकाणी क्षणभर थांबावे!

सन १८७४ च्या सुमारास मद्रास इलाख्यात दुष्काळाने लोक हैराण झाले. यात्रेकरूंस दान कोण देणार? आधी वडील गेले, मग आई, पुढे थोरली बहीण. आई वारली तेव्हा तिरडी उचलावयास माणसे मिळेनात. अखेर दोन ब्राह्मणांस दया आली. ते दोघे, भाऊ श्रीनिवास आणि रमा अशा चौघांनी प्रेत उचलिले. स्मशान तेथून सुमारे तीन मैल होते. रमा इतरांहून ठेंगणी. तिच्या खांद्याशी तिरडी समपातळीवर येईना, म्हणून तिने आपला कोपरा डोक्यावर घेतला आणि तसेच ते तीन मैल काटिले. पुढे ज्या बाईंनी महासागर ओलांडिले, त्यांच्या आयुष्यातील सर्वांत लांब पल्ला कोणता, असे कोणी आम्हांस विचारील, तर आम्ही या तीन मैलांवर बोट ठेवू.

त्यानंतर दोघे भावंडे दक्षिणेकडून थेट काश्मीरच्या बाजूस आणि तेथून बंगाल्याकडे पायी भटकत गेली. पायांत वहाण नाही, अंगावर पुरते पांघरूण नाही. झेलम नदीच्या काठी थंडी असह्य झाली तेव्हा दोघांनी वाळूत दोन खड्डे खणिले, त्यांत निजून अंगावर वाळू ओढून घेतली आणि रात्र काढिली. सन १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पुढे श्रीनिवास डाक्क्याकडे वारला. रमाबाईंनी १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला व त्या आसामच्या बाजूस सिलचर येथे राहावयास गेल्या. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमा झाली. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने पती गेले. चोविसावे वर्षही पुरे झाले नव्हते आणि कडेवरील मुलीवाचून जगात आपले म्हणावे असे कोणी उरले नव्हते.

मग त्या पुण्यास आल्या. १८८२ या एकाच वर्षात त्यांनी आर्य महिला समाज स्थापिला, हंटर साहेबांच्या शिक्षण आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांस वैद्यकीय शिक्षण मिळाले पाहिजे असे ठासून सांगितले आणि ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तक छापिले. याच पुस्तकाच्या विक्रीतून विलायतेच्या जहाजाचे भाडे उभे राहिले, हे येथे मुद्दाम नमूद करीत आहोत. कारण परदेशी जाणे म्हणजे कोणा धनिकाने पाठविणे, अशी पुष्कळांची समजूत असते.

एप्रिल १८८३ मध्ये रमाबाई दोन वर्षांच्या मनोरमेस घेऊन मुंबईस आगबोटीत बसल्या आणि मे महिन्याच्या मध्यास इंग्लंडास उतरल्या. सुमारे चार आठवडे लागले. विमानास ही वाट आज सुमारे सात हजार दोनशे किलोमीटरांची व नऊ-दहा तासांची आहे. बोटीस एडन, तांबडा समुद्र, सुएझ, भूमध्यसमुद्र अशा वळणाने सहा हजारांहून अधिक सागरी मैल काटावे लागत. तरी बाईंचे एक सुदैव होते. सुएझचा कालवा १८६९ मध्ये उघडला होता. तो नसता तर आफ्रिकेच्या दक्षिण टोकास वळसा घालण्यात आणखी सुमारे साडेचार हजार सागरी मैल पडले असते. विद्यार्थ्यांनी हा फरक स्वतः दोऱ्याने पडताळून पाहावा.

आता एक चमत्कारिक गोष्ट पाहा. त्याच एप्रिलच्या ७ तारखेस कलकत्त्याच्या बंदरातून आणखी एक मराठी स्त्री निघाली होती. ती म्हणजे अठरा वर्षांची आनंदीबाई जोशी. रमाबाईंची ती दूरची नातलग. एक पूर्व किनाऱ्यावरून, दुसरी पश्चिम किनाऱ्यावरून. दोघींचाही हेतू वैद्यक शिकावयाचा. आनंदीबाई इंग्लंडवरून पुढे जाऊन ४ जून १८८३ रोजी न्यूयॉर्कास उतरल्या. ७ एप्रिल ते ४ जून म्हणजे अठ्ठावन्न दिवस झाले! आमच्या दोऱ्याच्या हिशेबातील पंधरा-सोळा तास या अठ्ठावन्न दिवसांच्या शेजारी मांडून पाहावेत.

रमाबाईंचा वैद्यकाचा हेतू मात्र सिद्धीस गेला नाही. इंग्लंडास पोहोचल्यावर त्यांच्या कानांस ऐकू येणे फारच मंदावले आहे असे आढळले, आणि बहिऱ्या माणसास रोग्याची छाती कशी तपासता येणार? त्या वाँटेज येथील धर्मभगिनींच्या आश्रमात राहिल्या. तेथेच २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. नंतर चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत व स्वतः गणित, शास्त्रे आणि इंग्रजी वाङ्मय शिकत. आपल्या मनास पटल्यावाचून त्या धर्मभगिनींचेही ऐकत नसत, हे त्यांच्या पत्रव्यवहारावरून दिसते. आमच्या मते ख्रिस्ती होऊनही त्या कोणाच्या ताबेदार झाल्या नाहीत, हे लक्षात ठेविल्यावाचून त्यांचे पुढील चरित्र नीट कळत नाही.

फेब्रुवारी १८८६ मध्ये, म्हणजे अटलांटिक महासागर ऐन खवळलेला असताना, रमाबाई मनोरमेसह लिव्हरपूलहून निघाल्या व मार्चच्या पहिल्या आठवड्यात फिलाडेल्फियास पोहोचल्या. कारण एवढेच की, ११ मार्च रोजी आनंदीबाईंस तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी मिळावयाची होती. एका पदवीदानासाठी हिवाळ्यातील दोन आठवड्यांचा समुद्रप्रवास! पण तो केला म्हणूनच परमुलखातील त्या सभागृहात आनंदीबाईंच्या रक्तामासाचे माहेरचे माणूस उभे होते. आनंदीबाई त्याच वर्षाअखेर क्षयाने पोखरलेल्या देहाने मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. त्यांच्या वयास बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

रमाबाई एका समारंभास म्हणून गेल्या त्या अडीच वर्षांहून अधिक काळ अमेरिकेत राहिल्या. बालोद्यानाची शिक्षणपद्धती त्या शिकल्या. हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयी इंग्रजीत ग्रंथ लिहून तो १८८७ मध्ये प्रसिद्ध केला. आणि अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत गावोगाव आगगाडीने हिंडून व्याख्याने दिली. बालविधवांसाठी शाळा काढावयाची, तीस दहा वर्षे मदत द्यावी, ही त्यांची मागणी होती. १३ डिसेंबर १८८७ रोजी बोस्टन येथे तेवढ्यासाठी मंडळ स्थापन झाले. ही सर्व हकीकत यशाची दिसते. परंतु तिला दुसरी बाजू होती. हिंडत्या आयुष्यात पाच वर्षांच्या मुलीची आबाळ होऊ नये म्हणून त्यांनी मनोरमेस वाँटेजच्या भगिनींकडे परत धाडिले होते. आई एका खंडात, मुलगी दुसऱ्या खंडात, मध्ये महासागर. मनोरमेस लिहिलेली त्यांची पत्रे शिल्लक आहेत. ज्या पालकांची मुले आज परदेशी शिकावयास गेली आहेत त्यांस रोज सायंकाळी मुलाचा चेहरा पडद्यावर दिसतो. त्या काळी पत्र जाऊन उलट टपाल येईपर्यंत काही आठवडे वाट पाहावी लागे. जगातील अनाथ मुलींसाठी झोळी फिरविणाऱ्या आईस आपली एक मुलगी दूर ठेवावी लागली, हे योग्य झाले किंवा नाही, याचा निवाडा आम्ही करीत नाही. बाईंनीही तो सहज केला नसेल.

सन १८८८ च्या अखेरीस त्या सॅनफ्रान्सिस्कोहून जहाजात बसल्या व जपान, हाँगकाँग करीत १८८९ च्या आरंभी मुंबईस येऊन पोहोचल्या. मुंबईहून पश्चिमेस निघालेली बाई पश्चिमेसच जात राहून पूर्वेकडून घरी आली. म्हणजे पृथ्वीची प्रदक्षिणा पुरी झाली. येथे भूगोलाच्या विद्यार्थ्यांस एक मौज सांगतो. पश्चिमेकडे दर पंधरा रेखांश ओलांडिले की घड्याळ एक तास मागे न्यावे लागते. असे चोवीस वेळा मागे सारिलेले तास कोठेतरी फेडावेच लागतात, आणि ते पॅसिफिक महासागरात, एकशेऐंशीव्या रेखांशापाशी, दिनदर्शिकेतील एक अख्खा दिवस गाळून फेडितात. रमाबाईंच्या आयुष्यातूनही त्या प्रवासात एक तारीख गळाली. बाकीच्या तारखांचा मात्र त्यांनी पुरेपूर उपयोग केला.

मुंबईस पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, ११ मार्च १८८९ रोजी, त्यांनी शारदासदन उघडिले. आनंदीबाईंच्या पदवीदानाचीच ही तारीख. सदनात आलेली पहिली विधवा गोदूबाई. हिचाच विवाह पुढे ११ मार्च १८९३ रोजी धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. एकच तारीख तीनदा यावी, यात गूढ काही नाही. तारखा पाठ करणाऱ्यांस सोय मात्र झाली!

१८९० मध्ये सदन पुण्यास हलले. जिने पृथ्वी ओलांडिली तिची खरी अडचण पुण्यातच झाली. सदनात मुलींस आपापल्या धर्माप्रमाणे वागू द्यावे असे ठरले होते. बाईंचे म्हणणे, आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे दार उघडे असते, कोणी आत आले तर आपण हाकलून देणार नाही. पालकांचे व पुढाऱ्यांचे म्हणणे, हा वचनभंग आहे. १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांसारख्या थोर सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पुष्कळ पालकांनी मुली परत नेल्या. आम्ही स्वतः ख्रिस्ती असलो तरी त्या पालकांची तळमळ खोटी होती असे म्हणणार नाही. आपले मूल ज्याच्या हाती सोपवावे त्याविषयी अशी शंका आली तर कोणता बाप स्वस्थ बसेल? तथापि ज्या मुली नेल्या गेल्या त्यांच्यापैकी किती जणींची पाटी पुन्हा हाती आली असेल, हा विचारही मनातून जात नाही.

यानंतर गोष्ट आपल्या मुलखात येते. केडगाव स्टेशनाजवळ रमाबाईंनी सुमारे शंभर एकर माळरान घेऊन ठेविले होते. सदनास फळबागेचे उत्पन्न व्हावे एवढाच त्या वेळी हेतू. १८९६-९७ मध्ये मध्यप्रांतात दुष्काळ पडला. त्या बातम्या वाचून बाईंस दक्षिणेतील आपला दुष्काळ आठवला, आई आठवली, आणि त्या स्वतः तिकडे गेल्या. भुकेने व दुष्टांच्या तावडीने नासत असलेल्या शेकडो मुली त्यांनी आगगाडीने आणिल्या. पण पुण्यात त्याच वेळी प्लेगची साथ; अधिकाऱ्यांनी शहरात नव्या मुली ठेवण्यास मनाई केली. मग त्या मुलींस केडगावच्या माळावर नेऊन तंबूत व गवताच्या छपरांखाली ठेविले. विहिरी खणिल्या, पक्क्या इमारती उठल्या आणि १८९८ मध्ये मुक्तिसदनाची रीतसर स्थापना झाली. १९०० च्या गुजराथेतील दुष्काळानंतर तेथील वस्ती दीड हजारांवर गेली.

शिरूरच्या मुलांस या ठिकाणी एक गोष्ट इतरांहून लवकर कळेल. आपल्या गावास घोडनदी आहे, नगरचा हमरस्ता आहे, पण आगगाडी नाही. ती पाहावयास दौंडास किंवा केडगावास जावे लागते. १८७८ मध्ये मनमाडचा फाटा दौंडास येऊन मिळाला, तेव्हापासून उत्तरेकडील गाडी पुण्यास न जाता दौंडास उतरू लागली आणि केडगाव दौंडापासून थोड्याच स्थानकांवर आहे. दुष्काळात माणूस मरतो तो अन्न जगात नसल्यामुळे नव्हे. अन्न एकीकडे, भुकेला दुसरीकडे आणि मधील वाट चालण्याचे त्राण पायांत नाही म्हणून. रमाबाईंचे आईबाप असेच गेले. म्हणून, ज्या बाईंनी वाहणेशिवाय अर्धा देश पालथा घातला होता, त्यांचे घर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर असावे, हे आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते. उपाशी मुलीस गाडीतून उतरल्यावर फार चालावे लागत नसे.

१८९८ मध्ये त्या एकदा पुन्हा अमेरिकेस जाऊन आल्या. त्यानंतर समुद्र ओलांडिला नाही. केडगावास शेती होती, गोठा होता, विणकाम होते, तेलाचा घाणा होता, छापखाना होता. अंध मुलींस बोटांनी वाचावयास शिकवीत. त्यात बाईंनी पिकत्या वयात हिब्रू व ग्रीक या भाषा शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे साध्या मराठीत भाषांतर आरंभिले. अशिक्षित बाईसही कळेल असे मराठी त्यांस हवे होते. जुळारी मुली, छापणाऱ्या मुली, बांधणी करणाऱ्या मुलीही तेथल्याच. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. आईच्या हाताखाली सर्व कारभार शिकलेली, पुढे तो उचलील अशी ती एकुलती एक मुलगी होती. त्या आघातानंतरही बाई मुद्रिते तपासीत राहिल्या. शेवटची मुद्रिते हातावेगळी झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांचा केडगावासच अंत झाला. चौसष्टावे वर्ष पुरे होण्यास अठरा दिवस कमी होते. छापलेला समग्र ग्रंथ पुढे १९२४ मध्ये बाहेर पडला. मुक्तिसदनाचे काम आजही चालू आहे.

मागील बाकावरच्या त्या मुलाने हे वाचून पुन्हा विचारिले की, मग आपण केडगावास कधी जावयाचे? शिरूरहून न्हावऱ्यावरून निघावे, भीमा ओलांडावी, पुढे केडगाव जवळच. सारे मिळून अंतर पन्नास किलोमीटरांच्या आसपास. उसाच्या गाड्या आडव्या आल्या नाहीत तर मोटारीने दीड तासाची वाट. येत्या हिवाळ्यात नववी व दहावीच्या वर्गांस घेऊन जाण्याचा आमचा विचार आहे. ज्या पालकांची संमती असेल त्यांनी मुलांबरोबर चिठ्ठी द्यावी. भाकरी घरून बांधून आणावी आणि ज्यांस शक्य असेल त्यांनी दोऱ्याचे रीळही आणावे.